तासिका सोडून स्टिअरिंग धरावं का? (वय ३९, एमएस्सी केमिस्ट्री)

तासिकावाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी कराडकडचा. एमएस्सी केमिस्ट्री, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेला. सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, दिवाळी, परीक्षा, उन्हाळा धरत नाहीत, आणि जे काही होतात तेही बिल मंजूर झालं की येणार, कधी सहा महिन्यांचे एकदम. दरवर्षी जूनमध्ये परत मुलाखत, जणू गेल्या वर्षी मी त्या वर्गात नव्हतोच. पर्मनंटच्या जागांबद्दल इथल्या शिक्षक मंडळींना काही सांगायला नको.

माझ्या आतेभावाच्या दोन गाड्या आहेत, चौदा टायरचे ट्रक. त्याला ड्रायव्हर टिकत नाहीत. मे महिन्यात त्याच्यासोबत इंदूरपर्यंत गेलो होतो, खरं सांगतो मला भारी आवडलं. केबिनमध्ये उंच बसायचं, रात्रीचा रस्ता, मध्येच चहा, कोणी प्राचार्य नाही, नॅकची तपासणी नाही, फाइल नाही. तो म्हणाला गुरुजी तुम्हीच या की, माझ्या जुन्या ड्रायव्हरला तुमच्या दीडपट पडतात. चेष्टेत म्हणाला, पण माझ्या डोक्यातून जाईना.

बायको खासगी दवाखान्यात नर्स, मुलगी पाचवीत. घरी अजून नीट बोललो नाही. कार बऱ्यापैकी चालवतो, लायसन्स फक्त एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या गाडीचं. या वयात हे जमतं का, कोणी केलंय का, लायसन्सचं कसं असतं, स्पष्ट लिहा. चेष्टा केली तरी चालेल.

शेंगदाणा_चटणी

शीर्षक वाचून कवितेचा धागा वाटला. बसतो खुर्ची टाकून.

नऊचाळीसची_स्लो

सर, मी आयटीत आहे आणि दर सोमवारी सकाळी मला ट्रक ड्रायव्हर व्हायचं असतं. मंगळवारी हॉटेल काढायचं असतं. शुभेच्छा.

निवृत्त_प्राध्यापक

तुमची व्यथा समजते. पण सेट झालेल्या माणसाने ट्रक चालवावा हे मनाला पटत नाही. कामाला कमी लेखत नाही, पण समाजाने तुमच्या शिक्षणावर खर्च केला आहे. क्लासेस का नाही काढत? केमिस्ट्रीला नीटच्या मुलांची मोठी मागणी आहे. किंवा लोटे परशुराम, कुरकुंभ इकडे केमिकल कंपन्यांत बघा.

तासिकावाला

सर, नमस्कार. क्लास काढला होता, मोठ्या क्लासवाल्यांची शाखा आली आणि मुलं तिकडे गेली, फी चौपट असून गेली. लोट्यालाही मुलाखती दिल्या, क्यूसी लॅबला त्यांना बावीस वर्षांचा बीएस्सी पाहिजे असतो, ३९ वर्षांचा माणूस म्हटलं की "तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात" म्हणतात. समाजाने खर्च केला हे खरं, पण समाज आता बिलं मंजूर करत नाहीये.

शेंगदाणा_चटणी

शेवटच्या वाक्याला उभा राहून टाळ्या.

घाटउतार

गुरुजी राग मानू नका सरळ लिहितो. मी फलटणचा, पोरगा होतो तेव्हा क्लीनर म्हणून गाडीवर चढलो ते अजून खाली उतरलेलो नाही. मोबाईलवर टाईप करतोय चुकभूल माफ.

गाडी चालवणं हे या लाईनीतलं सगळ्यात सोपं काम आहे. तुम्ही शिकाल, दोन महिन्यात हात बसेल. तुमच्या भावासोबत गेला तेव्हा इंदूरला माल खाली होईपर्यंत थांबला होता का? नसणार. कारण थांबला असता तर हा धागा काढला नसता. कंपनीच्या गेटबाहेर नंबर लावायचा, टोकन घ्यायचं, आत कधी घेतील पत्ता नाही. झोपावं तर पुढची गाडी सरकली की आपली सरकवायची नाहीतर मागचा येऊन नंबर मारतो. वॉचमन ड्रायव्हरला आत संडासला सोडत नाही, बाटली घेऊन कुठं जायचं ते आपण शोधायचं. दोन दोन दिवस जातात. त्या दोन दिवसाचा भत्ता शून्य, कारण भत्ता ट्रिपवर. तुमचं तासिका तत्त्व तसं आमचं किलोमीटर तत्त्व. एवढंच सांगायचं होतं, तुम्ही एका कातड्यातून दुसऱ्या त्याच कातड्यात जाणार.

तासिकावाला

@घाटउतार, बरोबर ओळखलंत. मी इंदूरला उतरून मित्राकडे गेलो आणि दुसऱ्या दिवशी एसटीने परत आलो. भाऊ तिसऱ्या दिवशी निघाला होता.

बेळगावी_कुंदा

म्हणजे गुरुजी ट्रकने फिरायला गेले होते. आम्ही गोव्याला जातो तसं.

फॉर्म_वीस

लायसन्सचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ट्रान्सपोर्ट गाडीचं शिकाऊ लायसन्स काढायला एलएमव्हीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं आणि वय २० पूर्ण. तुमचं दोन्ही आहे. आठवी पासची अट होती ती २०१९ मध्ये काढली (तुम्हाला तशीही अडचण नव्हती). हेवीला मोटार ट्रेनिंग स्कूलचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म ५, आणि डॉक्टरचा फॉर्म १ए. ट्रान्सपोर्टला वय कितीही असो मेडिकल लागतंच. लायसन्स पाच वर्षांचं मिळतं मग रिन्यू. फॉर्म सगळे सारथी पोर्टलवर.

आणखी एक. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की एलएमव्ही लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे हेवीच्या आधी एखादा टेम्पो तुम्ही आजपासून चालवू शकता. कराड ते पुणे भाजीची एक फेरी मारा, पहाटेचा मार्केट यार्ड बघा आणि मग ठरवा.

कळंबोलीकर

आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, स्टील मार्केटजवळ. ड्रायव्हर मिळत नाही हे शंभर टक्के खरं, चांगल्या गाड्या यार्डात उभ्या आहेत. आमच्याकडे पक्का पगार १८ ते २५ हजारच्या मध्ये, वर ट्रिपचा भत्ता वेगळा. ट्रेलरला आणि टँकरला जास्त. पण नवख्याला कोणी चौदा टायर हातात देत नाही, गाडी चाळीस लाखांच्या वर जाते, हप्ता वेगळा, इन्शुरन्स वेगळा. आधी दुसरा ड्रायव्हर म्हणून बसावं लागेल आणि तेव्हा पगार म्हणाल तर तुमच्या तासिकेच्या खाली.

आणि गुरुजी, भावाच्या गाडीवर जाऊ नका. गाडी घासली, टायर फुटला, डिझेल जास्त लागलं की हिशोबाला बसावं लागतं. तो हिशोब नात्यात बसत नाही. दिवाळीला आत्याच्या घरी फराळाला जायचंय ना?

पूर्वा_सांगली

खूप वेळ लिहू का नको करत होते.

माझे वडील ट्रक चालवायचे. सांगलीहून हळद घेऊन दिल्ली, कानपूर, कधी कलकत्ता. तेव्हा जीएसटी नव्हता, राज्य बदललं की चेकपोस्ट आणि शहर आलं की जकात नाका, त्या रांगांमध्येच अर्धा प्रवास जायचा असं ते सांगायचे. घरी आले की पहिले दोन दिवस झोप. आम्ही भावंडं दबक्या आवाजात बोलायचो. शाळेचे दाखले, आजीचं ऑपरेशन, घराचं बांधकाम, सगळे निर्णय आईने एकटीने घेतले, आणि चांगले घेतले. खरी गंमत पुढे झाली. गुडघे गेले, शुगर निघाली, बाबा कायमचे घरी आले आणि त्यांना कळेना की या घरात आपण करायचं काय. आईने भाजीवाल्याला काय सांगितलं यावरूनसुद्धा भांडणं व्हायची. चारचौघांसारखं एका घरात राहायला दोघांना काही वर्षं लागली.

आणि @निवृत्त_प्राध्यापक सर, कामाला कमी लेखत नाही असं सगळेच म्हणतात. माझ्या लग्नाच्या वेळी बायोडेटात वडिलांपुढे "ट्रान्सपोर्ट व्यवसाय" लिहिलं होतं. काकांनी लिहायला लावलं. एकाही गाडीचे मालक नव्हते बाबा.

तासिकावाला, तुमची मुलगी पाचवीत आहे ना. माझं एवढंच म्हणणं, आठवड्याने घरी येणारा बाबा आणि तीन आठवड्यांनी येणारा बाबा यात खूप फरक असतो. लाईन निवडताना ते बघा, पगार नंतर.

निवृत्त_प्राध्यापक

पूर्वाताई, तुमचं बरोबर आहे. मुद्दा मान्य.

स्मिता_ठाणे

बायकोशी "अजून नीट बोललो नाही" आणि आम्हा दोनशे अनोळखी लोकांशी बोललात. वा.

बाकी शिकलेल्या माणसाने ट्रक चालवू नये म्हणणाऱ्यांसाठी, योगिता रघुवंशी यांच्याबद्दल वाचा. मूळच्या नंदुरबारच्या, राहतात भोपाळला, कायद्याची पदवी आहे. नवरा अपघातात गेल्यावर दोन मुलं वाढवायला त्यांनी ट्रक चालवायला घेतला आणि देशभर गाडी नेली. वकिलीत नवख्याला पैसे मिळायला वेळ लागतो आणि ट्रकचे लगेच मिळतात, हा त्यांचा साधा हिशोब होता.

नऊचाळीसची_स्लो

बायकांनी केलं की बातमी, गुरुजींनी केलं की धागा.

घाटउतार

गाडी खाली करायला लागलोय (आज सकाळपासून नंबर लागलेला आता आत घेतलं), म्हणून वेळ आहे, अजून एक गोष्ट लिहितो जी भाऊ सांगणार नाही कारण भाऊ मालक आहे.

डिझेल. मालक ट्रिपला डिझेल मोजून देतो, लोडवर साडेतीन चारचं ॲव्हरेज धरून. जास्त लागलं तर पगारातून, वाचलं तर ड्रायव्हरचं. आता वाचवायचं कुठं? उताराला. म्हणून गाडी न्यूट्रल करतात. कात्रजचा नवीन बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतारच उतार आहे, तिथं काय काय झालंय ते तुम्ही पेपरात वाचता, ब्रेक फेल, ब्रेक फेल. अहो ब्रेक असा उगाच फेल होत नाही. न्यूट्रलला गाडीला इंजिन धरत नाही, सगळं वजन ब्रेकवर येतं, ड्रम तापतो, लायनर धरायचं सोडतो, जळका वास केबिनमध्ये येतो तेव्हा उशीर झालेला असतो. वरनं घाबरून पाय सारखा मारला की हवा कमी होते, डॅशबोर्डवरचा काटा खाली यायला लागतो. त्यात कोणी इंजिनच बंद केलं असलं तर हवा भरणार कोण आणि स्टिअरिंग पण दगड होतं. माझ्या वस्तादानं एकच शिकवलं, जो घाट ज्या गिअरला चढला असता त्याच गिअरला उतरायचा, मागचे हॉर्न मारू देत. खंबाटकी असो कसारा असो.

तर नोकरी बघताना पगार किती हे दुसरं विचारा. पहिलं विचारा डिझेल कोणाच्या अंगावर आहे. ॲव्हरेजवर कापणारा मालक असला तर हात जोडून घरी या.

फॉर्म_वीस

प्रतिसाद आवडला. कायद्यात म्हणाल तर मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट १९६१ प्रमाणे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास होते. कायदा जुना, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या लेबर कोडमध्ये विलीन झाला, आणि हायवेवर त्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

कळंबोलीकर

@घाटउतार, सगळेच मालक तसे नसतात. पण डिझेल चोरी पण होते की नाही? पंपावर गाडी लावून झोपला आणि सकाळी टाकी रिकामी असं सांगणारे ड्रायव्हर पण आम्ही बघितलेत. मालक ॲव्हरेज धरतो त्याला कारण आहे.

घाटउतार

शेठ होतं की. चोर दोन्हीकडं आहेत. पण ड्रायव्हरच्या चोरीत टाकी रिकामी होते आणि मालकाच्या हिशोबात माणूस जातो.

बेळगावी_कुंदा

वातावरण तापलंय. कोणीतरी ढाब्याचा विषय काढा.

शेंगदाणा_चटणी

ट्रक उभे दिसले की जेवण चांगलं असतं हे खरं का?

घाटउतार

खोटं. ट्रक उभे दिसले म्हणजे पार्किंग मोठी आणि आंघोळीला पाणी आहे. जेवण बघायचं तर भाकरी समोर थापतात का बघा.

ब्रॅम्प्टनकर

मी मूळचा साताऱ्याचा, आता कॅनडात. पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअर होतो, इथे येऊन गोदामात काम केलं, मग एझेड (ट्रेलर ट्रकचं) लायसन्स काढलं. तासिकावाला यांच्याच वयाचा होतो म्हणून लिहितो.

इथे ऑंटारिओत २०१७ पासून सक्तीचं ट्रेनिंग आहे, १०३.५ तास. बाकीच्या प्रांतांना जाग यायला २०१८ चा सस्कॅचवानमधला हम्बोल्टचा अपघात व्हावा लागला, ज्युनिअर हॉकी टीमच्या बसला ट्रक धडकला, १६ जण गेले, ड्रायव्हर अगदी नवखा होता. दिवसाला १३ तासांच्या वर चालवता येत नाही, गाडीतलं इलेक्ट्रॉनिक लॉग सगळं मोजतं. बॉर्डर ओलांडून अमेरिकेत गेलो की त्यांचे नियम, ११ तास ड्रायव्हिंग आणि ते पण १४ तासांच्या आत, मग १० तास सक्तीची विश्रांती. ऐकायला छान वाटतं, पण ते घड्याळ तुमच्या झोपेवर चालत नाही. झोप येत असताना तास शिल्लक असतात आणि ताजेतवाने असता तेव्हा तास संपलेले असतात. पार्किंग मिळेना म्हणून एक्झिटच्या कडेला गाडी लावलेली माणसं रोज दिसतात.

टोरांटो ते विनिपेग दोन हजार किलोमीटरच्या वर आहे आणि मधलं उत्तर ऑंटारिओ म्हणजे एक पदरी रस्ता, समोरून ट्रक, बाजूला लेक सुपीरिअर. जानेवारीत वावा गावाजवळ हायवे बंद झाला की तिथेच थांबायचं, इलाज नाही. मराठी बोलायला कोणी नाही, पंजाबी मात्र मला आता अस्खलित येते.

घाटउतार दादा, तुमचं गेटबाहेरचं वाचून हसलो. इथेही पैसे मैलावर. डॉकवर पाच तास उभं राहिलं तर कंपनीनुसार थोडेफार देतात किंवा काहीच नाही. रस्ते बदलले, गाडी ऑटोमॅटिक झाली, पण उभ्या गाडीचे पैसे द्यायला जगात कोणी तयार नाही.

आणि एक विनंती. कोणी एजंट "कॅनडात ट्रक ड्रायव्हर, वर्क परमिटसकट" म्हणून लाखो रुपये मागत असेल तर फोन ठेवा. इथे येऊन त्या परमिटवर अडकलेली पोरं बघतोय, पगारातून उलटे पैसे कापून घेतात, तक्रार करायची सोय नाही.

नऊचाळीसची_स्लो

भारतात पण आता एसी केबिन सक्तीचं झालं ना?

फॉर्म_वीस

हो, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना. आधीच्या गाड्यांना नाही.

घाटउतार

आमच्या एका मित्राला नवीन गाडी मिळाली एसीची. मालक म्हणाला एसी लाव पण ॲव्हरेज कमी आलं तर बघ. आता तो टोल नाक्यावर उभा असताना लावतो, बाकीच्या ड्रायव्हरना दिसावा म्हणून काच वर करून.

शेंगदाणा_चटणी

😂😂 हा प्रतिसाद फ्रेम करून लावा.

फॉर्म_वीस

तासिकावाला, तुमची केमिस्ट्री आठवून आणखी एक लिहितो. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला वेगळं ट्रेनिंग लागतं, सेंट्रल मोटर व्हेइकल्स रूल्सचा नियम ९. तीन दिवसांचा कोर्स, लायसन्सवर तशी नोंद होते, आणि ती दर तीन वर्षांनी नवी करावी लागते. या एकाच प्रकारात ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता लिहिता आलं पाहिजे अशी अट आहे. भोसरीच्या सीआयआरटी या रस्ते वाहतूक संस्थेत चौकशी करा. हायवेवर तुमच्यासारखा ड्रायव्हर टँकरवाल्यांना खरंच हवा असतो.

तासिकावाला

हे कोणी आधी का नाही सांगितलं!

टँकरच्या मागे जो पॅनेल असतो त्यावरचे आकडे मी वर्गात शिकवतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १८३० म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. पोरांना सांगतो घरी जाताना टँकर दिसला तर नंबर लिहून आणा, आणतात पण. सल्फ्युरिकची घनता १.८४, म्हणजे एक लिटरचं वजन जवळजवळ दोन किलो. पेट्रोलच्या मापाची टाकी ॲसिडने भरायला गेलात तर अर्ध्यावर येतानाच पासिंगचं वजन पूर्ण होईल, आणि वर मोकळी जागा राहिली की वळणावर आतलं सगळं एका बाजूला धावणार. म्हणून ॲसिडचे टँकर बघा, टाकी लहान दिसते. आणि गळती झाली तर लोक आधी पाणी मारायला धावतात. थोडं पाणी म्हणजे उकळून अंगावर उडणार. मारायचं तर लांबून आणि भरपूर, नाहीतर माती, चुना.

माफ करा, तास घ्यायला लागलो.

बेळगावी_कुंदा

तासाचे पैसे मिळणार नाहीत, बिल मंजूर व्हायचंय.

घाटउतार

गुरुजी एवढं माझ्या ओळखीच्या कुठल्या टँकरवाल्याला माहीत नाही, खोटं नाही सांगत. त्यांना कागद देतात, केबिनच्या खणात ठेवतात, बास. अर्ध्या टाकीचं तुम्ही बरोबर बोलला. भरलेला टँकर नीट चालतो, रिकामा उड्या मारतो, आणि अर्धा भरलेला ब्रेक मारल्यावर थांबतो आणि मग परत ढकलतो. सिग्नलला थांबलो की मागनं कोणी धडकलं काय वाटतं, बघितलं तर कोणी नाही, आतला मालच असतो.

पण टँकरला एक आहे. मोकळं व्हायला वेळ कमी लागतो असं नाही, पण गेटच्या आत तुम्हाला माणसासारखं वागवतात, कारण तुमच्या चुकीनं त्यांचा प्लांट जाईल. सेफ्टी शूज देतात, संडास दाखवतात.

स्मिता_ठाणे

संडास दाखवतात हा नोकरीतला फायदा म्हणून मोजावा लागतोय. काय बोलणार.

निवृत्त_प्राध्यापक

तासिकावाला, तुमचा वरचा प्रतिसाद वाचून मला वाटतं तुम्ही शिकवणं सोडू नये. पण हेही लिहितो की मला पटवता येईल असा पगार माझ्याकडे नाही. आम्ही पर्मनंट होतो, आमच्या काळात मुलाखतीला जाताना फक्त फाइल न्यायची असे.

कळंबोलीकर

सर, टँकर कंपन्यांत आणि मोठ्या फ्लीटमध्ये ड्रायव्हर ट्रेनर लागतात. पण त्याला आधी स्टिअरिंगवर काही वर्षं काढलेली असावी लागतात, नाहीतर ड्रायव्हर ऐकत नाहीत. दोन्ही जमेल असा माणूस सहसा सापडत नाही. डोक्यात ठेवा.

ब्रॅम्प्टनकर

कळंबोलीकरांशी सहमत. इथे माझा ट्रेनर पूर्वी गणिताचा शिक्षक होता, रिव्हर्स शिकवताना आधी कागदावर कोन काढायचा. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं हे डोक्याला कळतं पण हाताला कळत नाही, त्या कागदाने मला कळलं.

तासिकावाला

सगळ्यांना धन्यवाद. मधे बरेच दिवस आलो नाही कारण सेमिस्टरच्या प्रॅक्टिकल होत्या (त्याचे पैसे वेगळे, म्हणजे वेगळे येत नाहीत).

घरी बोललो. बायको आधी पाच मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली नाईटला मी जाते तेव्हा घर तुम्ही बघता, तुम्ही गेल्यावर कोण बघणार ते आधी सांगा, बाकी तुम्ही विमान चालवा. पूर्वाताईंचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. दोनदा वाचला. सासूबाई आमच्याकडे येऊन राहायला तयार आहेत पण त्यांना गुडघ्याचा त्रास, त्यामुळे तीन आठवड्यांची लाईन बाद. महिन्यातून चार वेळा घरी येता येईल असंच काही.

मग भावाच्या गाडीवर न जाता त्याच्या ओळखीच्या एका गाडीवर न्हावा शेवापर्यंत गेलो, ड्रायव्हरच्या बाजूला, ताडपत्री सोडण्यापासून सगळं करत. पोर्टच्या बाहेर रांगेत थांबलो. रात्रभर. घाटउतार दादांनी लिहिलं ते सगळं बघितलं, आणि एक त्यांनी लिहिलं नव्हतं तेही, की ड्रायव्हर मंडळी रांगेत एकमेकांना मुलांचे मार्क विचारतात. एकाच्या मुलाला बारावीला केमिस्ट्रीत अडलेलं होतं, मोल कन्सेप्ट. व्हिडिओ कॉलवर त्याला समजावलं, टायरवर बसून.

आता ठरवलंय ते असं. मार्चपर्यंत तासिका चालू ठेवायच्या, दिवाळीच्या सुट्टीत हेवीचं स्कूल. मग आधी टेम्पो नाही, एका टँकरवाल्याकडे दुसरा ड्रायव्हर, लोटे आणि तळोजा लाईन, मधे कशेडी घाट. पगार आत्ता कमीच आहे. डिझेल ॲव्हरेजवर कापत नाही हे आधी विचारून घेतलं, तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला हे तुम्हाला कोणी शिकवलं.

एक प्रश्न राहिला. मला चष्मा आहे, लांबचा, उणे साडेतीन. मेडिकलला अडेल का?

फॉर्म_वीस

चष्म्यासकट दिसत असेल तर सहसा अडत नाही, फॉर्म १ए मध्ये डॉक्टर तसं लिहितात. रंग ओळखता आले पाहिजेत आणि रात्री नीट दिसतं का ते बघतात. तपासणीला जाताना चालू नंबरचा चष्मा घालून जा, तीन वर्षांपूर्वीचा नको.

पूर्वा_सांगली

तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा. शुगर आणि बीपी आत्ताच एकदा तपासून आकडे लिहून ठेवा, नंतर कशाने वाढली यावर वाद होतात.

घाटउतार

चष्मा दोन ठेवा गुरुजी, एक केबिनच्या खणात. समोरच्याचा डिपर थेट डोळ्यात येतो, ओरखडे आलेली काच असली की सगळीकडं चांदण्या दिसतात. आणि कशेडीला आता बोगदा झालाय, पण धोकादायक मालाच्या गाडीला आतनं सोडतात का ते तुमच्या टँकरवाल्याला विचारून ठेवा. नसेल सोडत तर जुना घाट आहेच, तिथं रात्री भेटू कधीतरी, माझी गाडी महिन्यातून एकदा गोव्याला असते.

बेळगावी_कुंदा

गुरुजी, गाडीच्या मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहू नका, महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. आवर्त सारणी काढा.

शेंगदाणा_चटणी

आणि ओव्हरटेक करणाऱ्याला तोंडी परीक्षा.